लशीचे माप : साहिबसिंग सोखी आणि परळची प्रयोगशाळा

मराठीत 'लस' हा शब्द मुळात फोडातून किंवा जखमेतून पाझरणाऱ्या पातळ द्रवाचा. देवीच्या फोडातला असा द्रव निरोगी माणसाच्या दंडावर टोचायचा, म्हणून 'देवी काढणे', 'टोचून घेणे', 'टोचणारा आला' अशी सारी भाषा तयार झाली. ही भाषा लक्ष देऊन ऐकली तर ती दंडाच्या बाजूने बोलते असे ध्यानात येते. ज्याला टोचले जाते त्याची भीती, त्याचा ताप, त्याच्या दंडावर राहिलेला वण यांना तिच्यात जागा आहे. लस तयार करणाऱ्याला मात्र नाही. आपल्या वाङ्मयाचेही तसेच झाले. प्लेग आपल्या आत्मचरित्रांत आला, कादंबऱ्यांत आला, वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत 'ग्रंथिक सन्निपात' असे भारदस्त नाव घेऊन आला. पण प्लेगची लस ज्या परळमध्ये बनत होती, त्या परळची आठवण मराठी साहित्याने ठेवली ती गिरण्यांची आणि चाळींची. हाफकिन संस्था त्याच परिसरात, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात होती. तिचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी यांचे नाव मराठीच्या किती विद्यार्थ्यांनी ऐकले असेल? मी स्वतः ते ऐकले ते विज्ञानाच्या इतिहासातून नव्हे, तर नृत्याच्या. पण तो भाग पुढे येईल.

(आडनाव इंग्रजी अक्षरांत वाचून कोणी 'सोखे' म्हणतात. मूळ पंजाबी उच्चार 'सोखी'च्या जवळचा, म्हणून तोच येथे वापरला आहे.)

सोखींकडे वळण्याआधी त्यांना काय वारसा मिळाला ते पाहणे भाग आहे. 1896 च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले आणि 1893 पासून हिंदुस्थानात कॉलऱ्याची लस टोचत फिरणारे व्लादिमिर (पुढे वाल्डेमार) हाफकिन त्या ऑक्टोबरात मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली आणि तेथील कैद्यांवर लशीची पहिली मोठी चाचणी झाली. कैद्यांनी संमती दिली होती, असे नोंदींत सांगितले जाते. तुरुंगातल्या संमतीचा अर्थ काय, हा प्रश्न तेव्हा कोणाला फारसा पडला नाही. आपल्याला तो पडायला हवा, कारण सोखींच्या कामाचा एक धागा थेट तेथून निघतो.

त्या वर्षाचा पुढचा इतिहास मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. 10 मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. 22 जूनच्या रात्री पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. घरात शिरून झडती घेणारे गोरे सोजीर, बळाने उभारलेले विलगीकरणाचे तंबू आणि ही नवी सुई या तीन गोष्टी लोकांच्या मनात एकमेकींत मिसळून गेल्या. वास्तविक हाफकिन सक्तीच्या विरुद्ध होते. माणसाने आपणहून दंड पुढे करावा हा त्यांचा आग्रह होता. मुंबईत तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले आणि आपल्या खोजा जमातीत लशीचा रस्ता मोकळा केला. पण सरकारी गणवेशावरचा अविश्वास सरकारी सुईवरही उतरावा, हे स्वाभाविकच होते.

ही लस बनत कशी होती? मांसाच्या रशात, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत 'ब्रॉथ'मध्ये, प्लेगचे जंतू वाढवायचे. गाय आणि डुक्कर या दोन्हींचे मांस वर्ज्य करून हाफकिनांनी बोकडाचे मांस वापरले. रशावर तुपाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांना धरून जंतूंच्या वाढीचे तंतू गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुन्याच्या लवणस्तंभांसारखे खाली लोंबत. चंबू हलवला की ते तुटून तळाशी बसत आणि वर नवे तंतू वाढू लागत. असे काही आठवडे चालल्यावर तो रस सुमारे तासभर तापवून जंतू मारायचे. ही पाककृती वाचताना मला नेहमी आपल्या स्वयंपाकघराची आठवण होते. तूप आहे, रस्सा आहे, मंद आच आहे. आणि अंदाजही आहे. एका बाटलीत जंतू किती, हे डोळ्यांना दिसणाऱ्या गढूळपणावरून ठरायचे. एका माणसाला किती द्यायचे, हे टोचल्यावर किती ताप चढतो यावरून. लस फुटकळ प्रमाणात, एका हाताखाली बनत होती तोवर हे निभावले. पण साथ पसरली, मागणी लाखांवर गेली. 10 ऑगस्ट 1899 रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. याच वाड्यात 1882 साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने वारल्या होत्या आणि त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार पॉइंटची वाट धरली होती. साथीने रिकामा केलेला राजवाडा साथीशी लढणाऱ्यांच्या हाती आला.

मग 30 ऑक्टोबर 1902 चा दिवस आला. पंजाबातील मलकोवाल गावी 107 जणांना लस टोचली गेली. त्यांतील 19 जण धनुर्वाताने मेले. हे सारे एकाच बाटलीतून टोचलेले लोक होते. बाटली परळहून आली होती. तिच्यावर 53 एन असा क्रमांक होता. दोष प्रयोगशाळेचा, असे सरकारी चौकशीने ठरवले आणि हाफकिनांना परळ सोडावे लागले. खरे म्हणजे बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मध्ये जाहीर बाजू घेतली तेव्हा कुठे 1907 साली हाफकिनांवरील ठपका पुसला गेला. ते हिंदुस्थानात परतले, पण कलकत्त्याला. परळचे संचालकपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. 1925 साली संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. ऑक्टोबर 1930 मध्ये ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले.

मलकोवालचा विषय मी लांबवला, याला कारण आहे. त्या एका बाटलीने दाखवून दिले की लशीच्या बाबतीत 'चांगली' आणि 'वाईट' यांतला फरक सिद्ध करण्याचे साधनच कोणाच्या हाती नव्हते. 19 माणसे मेल्यावर प्रयोगशाळेला आपले निर्दोषत्व सिद्ध करायला पाच वर्षे लागली. लोकांनी विश्वास ठेवावा तो कशाच्या आधारावर? साहेबाने स्वतः टोचून घेतले म्हणून? आगाखानांनी घेतले म्हणून? हा विश्वास व्यक्तीवरचा होता. बाटलीवर विश्वास बसावा असे काही अजून घडायचे होते.

साहिबसिंग सोखी यांचा जन्म 1887 साली अमृतसरचा. लाहोरचे शिक्षण, मग एडिंबरोची वैद्यकीय पदवी, आणि 1913 साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये प्रवेश. ही लष्करी बाण्याची सेवा. तिच्यात भारतीय फार थोडे आणि वरच्या जागांवर त्याहून थोडे. 1920 च्या दशकाच्या मध्यास ते परळला आले आणि 1932 साली संचालक झाले. बॅनरमन, लिस्टन, मॅकी अशा साहेबांच्या ओळीनंतर त्या खुर्चीवर पहिल्यांदा एक भारतीय बसला आणि 1949 पर्यंत बसून राहिला. सतरा वर्षे. या अवधीत देशाचे राज्य बदलले, महायुद्ध येऊन गेले. परळच्या प्रयोगशाळेचा कारभारी तोच होता.

त्यांनी केलेल्या कामाचे वर्णन एका शब्दात करायचे तर ते 'मोजणे'. ऐकायला हे नीरस वाटते, याची मला कल्पना आहे. साहित्याच्या माणसाला शोध म्हणजे वीज चमकल्यासारखा हवा असतो आणि सोखींच्या निबंधांत वीज नाही. ओळीने तक्ते आहेत. पण त्या तक्त्यांत काय आहे पाहा. पहिला प्रश्न : प्लेगचे नेमके किती जंतू उंदराला मारतात? त्यासाठी उंदीर असे हवेत की एकाला जे होईल तेच दुसऱ्याला होईल. म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले पांढरे उंदीर. दुसरा प्रश्न : जंतूंचे वाण वर्षानुवर्षे बाटल्यांतून बदलत ठेवले की त्यांची मारकता उतरते, ती कायम कशी राखायची? तिसरा प्रश्न : लशीच्या एका बाटलीची ताकद किती हे माणसाला टोचण्याआधी कसे ओळखायचे? याचे उत्तर असे, की लशीची ठरावीक मात्रा उंदरांच्या एका गटाला द्यायची, मग त्या उंदरांना मोजून जंतू टोचायचे, आणि किती जगले ते मोजायचे. तीसच्या दशकात ही कार्यपद्धती परळमध्ये घडत गेली आणि 1939 साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये ती निबंधमालेच्या रूपाने प्रसिद्ध झाली. 1897 साली भायखळ्याचा कैदी ज्या जागी उभा होता, त्या जागी आता पांढरा उंदीर आला. उंदराच्या बाजूने बोलणारे कोणी असेल तर त्याचेही म्हणणे ऐकले पाहिजे, पण कैद्याची त्या जागेवरून सुटका झाली ही गोष्ट लहान नव्हे.

उंदरांवरूनच निघालेले एक संशोधन मला या साऱ्यांत सर्वांत विलक्षण वाटते, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. परळच्या प्रयोगशाळेत फार पूर्वीपासून एक अडचण होती : मुंबईचे रानटी उंदीर प्लेगने मरेनासे झाले होते. प्रयोगासाठी उंदीर मद्रासहून आणावे लागत. कारण मद्रास शहराला प्लेगचा फटका फारसा बसलेला नव्हता आणि तेथला उंदीर जंतू टोचताच मरत असे. सोखी आणि त्यांचे सहकारी चित्रे यांनी या गोष्टीचा पद्धतशीर माग घेतला आणि देशाच्या वेगवेगळ्या गावांचे उंदीर तपासले. 1937 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचे सार असे, की ज्या गावाने प्लेग जितका सोसला तितके त्या गावचे उंदीर प्लेगला दाद देईनासे झालेले आहेत. दुबळे मरून गेले, उरलेल्यांची वीण वाढली. म्हणजे शहराच्या मृत्यूंचा हिशेब नगरपालिकेच्या वहीत असतो तसा तो शहराच्या बिळांतही असतो. या देशात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली; त्यांच्या नोंदी अर्धवट, गोंधळलेल्या, कित्येकदा लपवलेल्या. उंदरांनी काहीच लपवले नव्हते. इतिहासाचे साधन म्हणून कागदपत्रांवर आपण जो भरवसा टाकतो, त्याकडे हा निबंध वाचल्यानंतर मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो.

लशीची कृतीही बदलली. मांसाच्या रशात एक मोठा दोष होता, तो म्हणजे दोन वेळचा रस्सा सारखा निघत नाही. सोखी आणि हब्बू, भरुचा या सहकाऱ्यांनी रशाच्या जागी दुधातील केसिन हे प्रथिन आणले. आम्लाने त्याचे विघटन करायचे आणि त्या द्रवात जंतू वाढवायचे. दरवेळी द्रव तोच, वाण तोच, तापमान तेच, सुमारे 27 अंश. लस स्वस्त पडू लागली. मांसाचा प्रश्नही आपोआप मिटला. प्लेग आणि कॉलरा या दोन्ही लशींसाठी ही रीत कशी वापरायची याचा तिघांचा निबंध 1950 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. हाफकिनांच्या तुपापासून सोखींच्या केसिनपर्यंतचा हा प्रवास दुधाच्या एका घटकापासून दुसऱ्या घटकापर्यंतचा आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण दोन्हींचे काम निराळे. तूप जंतूंना लोंबायला होते, केसिन त्यांना खायला. मोह आवरलेला बरा.

त्या लशीची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर हे चरित्र आरतीच्या वळणाने जाईल. मेलेल्या जंतूंपासून केलेल्या प्लेगच्या लशीने संरक्षण मिळे ते काही महिन्यांपुरते, आणि फुप्फुसाच्या प्लेगवर तिचा भरवसा नव्हता. त्याच काळात जावामध्ये ऑटन आणि मादागास्करमध्ये जिरार जिवंत पण दुबळे केलेले जंतू टोचून पाहत होते. या दोन रस्त्यांतला कोणता बरा हा वाद बराच काळ चालला. दोघांनाही शेवटी बाजूला सारले ते औषधांनी आणि डीडीटीने. गंमत अशी, की यातील औषधांचा भाग खुद्द सोखींच्याच प्रयोगशाळेत सुरू झाला. सल्फापिरिडिन आणि सल्फाथायाझोल ही नवी औषधे प्लेगवर चालतात, हे सोखी आणि भा. बा. दीक्षित यांनी उंदरांवर दाखवून दिले. 1940 साली 'लॅन्सेट'मध्ये तो निबंध आला. पाठोपाठ वागळे यांच्या साहाय्याने रुग्णांवर उपचार करून पाहण्यात आले. तोवर प्लेगच्या रुग्णापुढे वैद्यकशास्त्राने हात टेकलेले होते. मॅकी-नायडू यांच्या रक्तजलाचा काही उपयोग होई, तेवढाच. आता पहिल्यांदा गाठ आलेला माणूस गोळ्या खाऊन घरी जाऊ लागला. ज्या लशीला सोखींनी उमेदीची वर्षे दिली तिची गरज त्यांच्याच औषधाने कमी केली. यातील दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

1994 च्या सप्टेंबरात मी शाळेत होतो. बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि मग सुरतेत प्लेग निघाल्याच्या बातम्या आल्या. सुरतेहून लोक मिळेल त्या गाडीने पळाले. आमच्या गावातही तोंडाला रुमाल बांधून माणसे फिरू लागली आणि औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल संपल्या. आजी मात्र सारखी विचारत होती, "अरे, टोचणारे कसे आले नाहीत?" तिच्या आईच्या तोंडून ऐकलेल्या प्लेगमध्ये टोचणारा होता. या प्लेगमध्ये त्याची जागा कॅप्सूलने घेतली होती, हे तिला कोणी समजावून सांगू शकले नाही. मलाही ते उत्तर मिळाले ते कितीतरी वर्षांनी, या परळच्या निबंधांत.

आता नृत्याकडे. सोखींच्या पत्नी लीला रॉय, म्हणजेच नर्तिका मेनका. बारिसालच्या बॅरिस्टर घराण्यातली ही मुलगी. लखनौच्या अच्छन महाराज, लच्छू महाराज यांच्यासारख्यांकडून कथक शिकली आणि ज्या काळात प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीने कथक करणे हीच बदनामी होती, त्या काळात तिने ते नाटकासारखे रंगमंचावर आणले. 1936 ते 1938 या काळात तिचा संच युरोपभर फिरला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने भरलेल्या नृत्यमहोत्सवात तिला पारितोषिके मिळाली. खंडाळ्याला तिने 'नृत्यालयम्' काढले. विदर्भाची राजकन्या जिची नायिका आहे त्या कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'वर तिने नृत्यनाट्य बसवले. मराठी वाचकाला जवळचे नाव म्हणजे दमयंती जोशी : मुंबईची ही मराठी मुलगी आई वत्सलाबाईंसह मेनकांच्या आधाराने वाढली, अगदी लहान वयात त्यांच्याबरोबर युरोपला गेली आणि पुढे कथकची मोठी कलावती झाली. दमयंतीबाईंविषयी वाचतानाच 'जनरल सोखी' हे नाव मला प्रथम भेटले आणि हे कोण गृहस्थ म्हणून मी शोधत गेलो. दिवसा परळला प्लेगचे जंतू आणि संध्याकाळी घरात तबल्याचे बोल, अशा संसाराची कल्पना करून पाहावी. तालाच्या मात्रा आणि लशीची मात्रा यांवर कोटी करणे आमच्या धंद्याला शोभेल, पण करीत नाही. 1947 च्या मे महिन्याच्या अखेरीस, स्वातंत्र्य अडीच महिन्यांवर असताना, मेनका गेल्या. आज विकिपीडियापासून जर्मन अभ्यासकांपर्यंत मेनकांचे नाव पुन्हा निघू लागले आहे आणि सोखींचा उल्लेख येतो तो बहुधा 'त्यांचे पती' म्हणून. बायकोच्या नावाने नवऱ्याची ओळख हा प्रकार आपल्या इतिहासलेखनात दुर्मिळ आहे. त्याबद्दल तक्रार करावी असे मला वाटत नाही.

मोजण्याची सवय प्रयोगशाळेच्या भिंतीत राहिली नाही. 1938 साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली. जवाहरलाल नेहरू तिचे अध्यक्ष आणि के. टी. शाह सचिव. तिच्या राष्ट्रीय आरोग्य उपसमितीचे अध्यक्षपद ब्रिटिश सरकारच्या नोकरीत असलेल्या कर्नल सोखींकडे आले. सरकारी गणवेशातला माणूस काँग्रेसच्या समितीवर, ही त्या काळाची एक चमत्कारिक गोष्ट. उपसमितीने मांडलेला सर्वांत धीट आकडा असा : दर हजार लोकवस्तीमागे एक आरोग्यसेवक. तो डॉक्टर नसेल. गावातलाच तरुण किंवा तरुणी असेल. त्याला स्वच्छता, प्रथमोपचार आणि साधे उपचार शिकवावेत. काही वर्षांनी सरकारने नेमलेल्या भोर समितीने 1946 साली आपला प्रचंड अहवाल दिला. तिचा कल पूर्ण शिकलेल्या डॉक्टरांकडे होता, आणि स्वतंत्र भारताने पुष्कळशी तिचीच वाट धरली. सोखींचा हजारी आकडा कपाटात गेला.

त्याच 1946 साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. मेजर जनरल सर साहिबसिंग सोखी 1949 मध्ये परळहून निवृत्त झाले आणि 1950 ते 1952 जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेचे सहायक महासंचालक होते. तेथे त्यांनी लावून धरलेला विषय होता औषधांच्या उत्पादनाचा. युद्धकाळात बाहेरची औषधे दुर्मिळ झाली असताना परळमध्ये रसायनशास्त्रज्ञ गणपती यांच्या हातून सल्फाची औषधे तयार होताना त्यांनी पाहिली होती. त्यांचा खरा खर्च किती आणि बाजारातली किंमत किती, हे त्यांना आकड्यांनिशी माहीत होते. जो देश आपले औषध आपण करीत नाही त्याची आरोग्ययोजना कागदावरच राहते, असा त्यांचा निष्कर्ष. पुण्याजवळ पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, त्यामागच्या प्रयत्नांत त्यांचा वाटा होता. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि 1955 पासून तेथे उत्पादन सुरू झाले.

1952 साली राज्यसभा प्रथमच अस्तित्वात आली तेव्हा राष्ट्रपतिनियुक्त सदस्यांत काकासाहेब कालेलकर, पृथ्वीराज कपूर, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्याबरोबर सोखी होते. पुढे प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचे विधेयक मांडणाऱ्या रुक्मिणीदेवी आणि आयुष्यभर उंदीर मोजलेले सोखी एका सभागृहात बसत होते. दुसऱ्या वर्षी, 1953 चे स्टालिन शांतता पारितोषिक सोखींना मिळाले. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत कवी पाब्लो नेरुदा आणि शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल हेही होते. येथे मात्र माझे मन अडते. सोव्हिएत मदतीने औषधांचे कारखाने उभारावेत हे सोखींचे मत समजण्यासारखे आहे. पाश्चात्त्य कंपन्या तंत्र द्यायला तयार नव्हत्या किंवा देताना हात बांधून घेत होत्या, आणि मॉस्को देऊ करीत होते. पण आयुष्यभर प्रत्येक बाटली तपासल्याशिवाय बाहेर न सोडणाऱ्या माणसाने त्या राज्यव्यवस्थेची बाटली कधी उंदरावर तपासून पाहिली होती का? नेरुदांबद्दल हा प्रश्न आपण वर्गात विचारतो. कवीला मिळते तेवढी सवलत शास्त्रज्ञाला देऊ नये, असे मला वाटते.

औषधांबद्दलचे त्यांचे म्हणणे मात्र काळाने बरेचसे खरे ठरवले. भारतीय औषधउद्योग आणि त्याचे भवितव्य या विषयावर त्यांनी 1959 साली पुस्तक लिहिले. जुन्या पेटंट कायद्यामुळे परदेशी कंपनी औषध येथे बनवतही नाही आणि दुसऱ्याला बनवूही देत नाही, ही तक्रार तेव्हा अनेकजण करू लागले होते. त्याच वर्षी न्यायमूर्ती अय्यंगार यांचा पेटंटविषयक अहवाल आला. औषधाच्या पदार्थावर नव्हे तर केवळ बनवण्याच्या रीतीवर पेटंट देणारा कायदा 1970 साली झाला आणि एप्रिल 1972 मध्ये अमलात आला. सोखी ऑक्टोबर 1971 मध्ये वारले होते. भारतीय कंपन्यांची स्वस्त औषधे आणि लशी जगभर गेल्या त्या या कायद्याच्या जमिनीवर उगवल्या. 2005 साली जागतिक व्यापार कराराप्रमाणे तो बदलला, ही गोष्ट निराळी. खुद्द हाफकिन संस्थेतून लसउत्पादनाचा विभाग 1970 च्या दशकात वेगळ्या महामंडळाकडे गेला. संशोधन एका दारी, उत्पादन दुसऱ्या दारी. सोखींच्या काळात ही दोन दारे एकच होती. उंदीर तपासणारा आणि बाटली भरणारा एकमेकांना रोज भेटत होते. या वाटणीने नेमके काय कमावले याचे समाधानकारक उत्तर मला अजून कुठे वाचायला मिळालेले नाही.

हजारी आकडा मात्र कपाटातून दोनदा बाहेर आला. 2 ऑक्टोबर 1977 रोजी जनता सरकारने गावोगावी जनस्वास्थ्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली : हजार लोकसंख्येमागे एक. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' आल्या : पुन्हा हजारामागे एक, आणि या वेळी स्त्री. दोन्ही वेळच्या जाहिरातींत, भाषणांत सोखींचे नाव माझ्या पाहण्यात आले नाही. करोनाच्या वर्षांत आमच्या भागातल्या आशाताई दारोदार फिरून कोणी लस घेतली, कोणी नाही, कोणाला ताप आला याची नोंद करीत होत्या. त्यांच्या हातात शाळकरी मुलांची असते तशी दोनशेपानी वही होती आणि तिच्यात पट्टीने आखलेले रकाने. माझ्या घराची ओळ भरून झाल्यावर त्यांनी पान उलटले आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली.